७५ हजारांत फोटो एडिटिंग आणि गेमिंगसाठी लॅपटॉप: आधी स्क्रीन पाहावी की ग्राफिक्स कार्ड?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक)

नमस्कार मंडळी. लॅपटॉपच्या निवडीबाबत जाणकारांचे मत हवे आहे. मी लग्नसमारंभांचे फोटो काढतो आणि हिवाळ्यात पक्ष्यांसाठी नांदूरमध्यमेश्वरला जातो. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असून सगळे काम रॉ फाइलवर (कॅमेऱ्यातल्या प्रक्रिया न केलेल्या फाइल), लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चालते. रात्री धाकट्या भावाबरोबर गेम खेळणे होते. जीटीए ५ आणि फोर्झा होरायझन ५ नेहमीचे, आणि सायबरपंक २०७७ खेळण्याची इच्छा आहे.

एम. जी. रोडवर चौकशी केली असता दोन लॅपटॉप आवाक्यात दिसले. पहिल्यात ६ जीबी मेमरीचे आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्ड आणि १४४ हर्ट्झची स्क्रीन आहे, पण तिच्या माहितीत ‘४५ टक्के एनटीएससी’ (स्क्रीन किती रंग दाखवते याचे एक माप) असे लिहिले आहे. दुसऱ्यात ४ जीबीचे आरटीएक्स ३०५० आहे, मात्र स्क्रीन १०० टक्के एसआरजीबी (रंगांचे दुसरे माप) आहे. दोन्हींत १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी आहे. पहिल्याला जवळजवळ पूर्ण ७५ हजार लागतात, दुसरा दहा-बारा हजारांनी स्वस्त पडतो. यापेक्षा जास्त रक्कम आज उभी करणे शक्य नाही. कोणता घ्यावा?

उत्तर (कॉलेज रोड)

तुम्ही ग्राहकांना फोटो देता, म्हणून मी दुसराच सुचवेन. ४५ टक्के एनटीएससी स्क्रीन एसआरजीबीतले साधारण ६० ते ६५ टक्केच रंग दाखवू शकते. पूर्ण एसआरजीबी एनटीएससीच्या मापात ७२ टक्क्यांच्या आसपास येते, त्यामुळे हे दोन आकडे थेट शेजारी ठेवून तुलना करू नये.

फरक सर्वांत आधी लाल रंगात कळतो. नवरीचा शालू, कपाळावरचे कुंकू, मुंडावळ्यांची फुले अशा स्क्रीनवर विटल्यासारखी दिसतात. साहजिकच आपण सॅच्युरेशन वाढवत नेतो, आणि तोच फोटो ग्राहकाने चांगल्या मोबाइलवर उघडला किंवा अल्बममध्ये छापून आला की शालू इतका भडक होतो की घड्यांच्या सावल्या आणि जरीची वीण एकाच लाल डागात बुडून जाते. चेहरेही नारिंगी दिसू लागतात. कॅलिब्रेशनचे, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून जुळवण्याचे, उपकरण आणले तरी जे रंग स्क्रीनच्या आवाक्यातच नाहीत, ते त्याने येत नाहीत. १४४ हर्ट्झ हा आकडा चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते एवढेच सांगतो. रंगांशी त्याचा काहीही संबंध नाही.

उत्तर (सिडको)

रंगांबद्दलचे वरील म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. चांगला मॉनिटर पुढेमागे जोडता येतो. ग्राफिक्स चिप मात्र मदरबोर्डवरच बसवलेली असल्यामुळे लॅपटॉप वापरात असेपर्यंत बदलता येत नाही.

शिवाय ग्राफिक्स कार्ड केवळ खेळासाठी लागते असे समजू नये. नांदूरमध्यमेश्वरला पहाटेच्या धुक्यात उडता पक्षी टिपायचा तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० किंवा ६४०० पर्यंत नेल्याशिवाय पुरेसा शटर स्पीड मिळत नाही, आणि मग पंखांच्या बारीक रेषांवर नॉइज (रवाळ ठिपके) पसरते. ती काढण्यासाठी लाइटरूममध्ये २०२३ साली आलेल्या एआय डीनॉइजचा मुख्य भार ग्राफिक्स कार्डावरच पडतो. एका फोटोचा वेळ किरकोळ वाटला तरी सकाळभरात काढलेले फोटो एकत्र लावले की दोन कार्डांमधला फरक चांगलाच जाणवतो. खेळांपैकी जीटीए ५ आणि फोर्झा ४ जीबीवर व्यवस्थित चालतील, पण सायबरपंकच्या किमान अपेक्षेतच आता ६ जीबी ग्राफिक्स मेमरी आहे. डीएलएसएस या खेळ वेगवान करणाऱ्या एनव्हीडियाच्या तंत्रातील फ्रेम जनरेशनही (मधली चित्रे एआयने तयार करणे) ४० मालिकेपासून, म्हणजे ४०५० ज्यात येते त्या मालिकेपासून, पुढेच मिळते.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. एडिटिंग बहुतेक घरीच, टेबलावर होते, त्यामुळे मॉनिटरचा विचार करता येईल. परंतु त्याचे पैसे तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाल्यावरच हाती येतील.

उत्तर (इंदिरानगर)

मग निर्णय वेळापत्रकावर करावा, असे मला वाटते. पहिला अल्बम छपाईला जाण्यापूर्वी मॉनिटर येणार असेल, तर ४०५० घ्या. १०० टक्क्यांच्या जवळपास एसआरजीबी असलेला २४ इंची आयपीएस मॉनिटर साधारण दहा-बारा हजारांत मिळतो, आणि त्याची ब्राइटनेस १०० ते १२० निट्सच्या दरम्यान ठेवली तर छपाईशी बऱ्यापैकी मेळ बसतो. मॉनिटर लांबणीवर पडण्याची थोडीही शक्यता असेल, तर मात्र दुसरा लॅपटॉप घ्या आणि वाचलेल्या पैशांतून १ टीबीची एसएसडी बसवून घ्या. सायबरपंक थांबू शकेल. ग्राहकाच्या हाती चुकीच्या रंगांचा अल्बम जाऊ नये.

पैसे देण्यापूर्वी एक चौकशी जरूर करा. एकाच मालिकेतील लॅपटॉप वेगवेगळ्या स्क्रीनसह विकले जातात, म्हणून खोक्यावरील संपूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाची माहिती वाचा. ४०५० आणि चांगली स्क्रीन असलेला प्रकार तुमच्या रकमेत मिळाला तर प्रश्नच मिटतो.

दुसरे म्हणजे, ४०५० हे नाव सारखे असले तरी ती चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत चालवली जाते, आणि कमी वॅटच्या लॅपटॉपमध्ये तिचा वेग बराच घटतो. दुकानात सुरू केलेला नमुना असल्यास एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलमधील सिस्टम इन्फर्मेशनमध्ये हा आकडा पाहता येतो. १६ जीबी रॅम एकाच पट्टीत आहे की दोन, दुसरी जागा रिकामी आहे का आणि एसएसडीसाठी दुसरा स्लॉट आहे का, हेही विचारा. तुमची जीएसटी नोंदणी असल्यास बिल व्यवसायाच्या नावाने घ्या, म्हणजे १८ टक्के कराचे क्रेडिट मिळू शकते. याबाबत आपल्या सीएंशी एकदा बोलून घ्यावे.

दोन्ही मॉडेल क्रमांक इथे लिहिलेत, तर त्यांतल्या स्क्रीनची माहिती मी पाहून सांगेन.