सायकलस्वाराला उभ्या मोटारीचे दार लागले : कायद्याने त्याला कोणते हक्क आहेत?

सोसायटी_सचिव (पुणे) यांचा प्रश्न

आमच्या सोसायटीत रात्रपाळीला असणारे वॉचमन काका कात्रजहून सायकलने ये-जा करतात. मागच्या आठवड्यात पहाटे पाळी संपवून घरी जात असताना सातारा रस्त्यावर डाव्या कडेला उभ्या असलेल्या एका मोटारीचे चालकाकडचे दार अचानक उघडले, त्यांच्या हँडलला लागले आणि ते उजवीकडे, वाहत्या रस्त्यावर फेकले गेले. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने वेळीच ब्रेक दाबला म्हणून जीव वाचला. उजव्या मनगटाचे हाड मोडले आहे, कोपरापर्यंत प्लास्टर आहे, आणि कंत्राटदार कामावर न आलेल्या दिवसांचे पैसे देत नाही.

मोटारचालकाचे म्हणणे असे की, शेजारी सायकल ट्रॅक असताना काकांनी रस्त्यावर यायलाच नको होते. पोलीस चौकीत सांगण्यात आले की, सायकलला ना नंबर, ना विमा, शिवाय गाडी उभी होती, त्यामुळे हा अपघात म्हणून नोंदवता येत नाही. आपसात मिटवून टाका. आता तो चालक पाच हजार रुपये देऊ करतो आहे आणि ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ असे टाइप केलेल्या कागदावर सही मागतो आहे. काका सही करायला निघाले होते, मी त्यांना थांबवले आहे.

सायकलस्वाराला खरोखरच काही संरक्षण नाही का? ट्रॅक असताना रस्त्यावरून जाणे हा गुन्हा ठरतो का? आणि गाडी उभी असली तर भरपाईचा मार्ग बंद होतो का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

दावा_वकील यांचे उत्तर

सर्वप्रथम, त्या कागदावर सही होऊ देऊ नका. पाच हजारांत मनगटाच्या उपचारांचा खर्चही भागणार नाही, आणि पुढे दावा दाखल केला की विमा कंपनी तोच कागद न्यायाधिकरणापुढे ठेवेल.

सायकल हे मोटार वाहन नाही, म्हणून तिला नोंदणी, परवाना किंवा विमा लागत नाही. पण याचा अर्थ सायकलस्वाराला कायद्यात जागा नाही असा मुळीच होत नाही. विमा लागतो तो मोटारीला, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार तो सक्तीचा आहे तो मुळात इतरांच्या संरक्षणासाठी, म्हणजे पादचारी, सायकलस्वार, रस्त्याने जाणारा कोणीही अशा त्रयस्थ व्यक्तीसाठी. काका हे नेमके असे त्रयस्थ आहेत. सायकलचा विमा नाही म्हणून भरपाई नाही, हे विधान कायद्याच्या अगदी उलट आहे. मोटारीचाच विमा नसेल तर रक्कम मालकाच्या डोक्यावर बसते, शिवाय विनाविमा गाडी चालवल्याबद्दल कलम १९६ खाली वेगळी शिक्षा आहे.

गाडी उभी होती, या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. भरपाई मिळते ती ‘मोटार वाहनाच्या वापरातून’ घडलेल्या अपघाताबद्दल, आणि गाडी थांबलेली असली तरी ती वापरात असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्या प्रकरणात महामार्गाच्या कडेला उलटून पडलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनी स्फोट झाला होता, तरीही तो वापरातून घडलेला अपघात मानला गेला. मग प्रवास संपवून चालकाने दार उघडणे हा वापर नाही, असा युक्तिवाद टिकणे कठीण आहे.

भरपाईसाठी दोन वाटा आहेत. कलम १६४ खाली चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यू झाल्यास पाच लाख आणि जबर दुखापत झाल्यास अडीच लाख अशी रक्कम ठरलेली आहे. हाड मोडणे ही फौजदारी कायद्याच्या व्याख्येप्रमाणे जबर दुखापतच आहे. कलम १६६ खाली मात्र चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण तिथे उपचार, बुडालेली मजुरी, वेदना, मनगटात कायमचा दोष राहिला तर त्यामुळे घटणारी कमाई आणि मोडलेली सायकल, असे सगळे मागता येते. कोणती वाट धरायची हे डॉक्टरांचा अंतिम अहवाल पाहून ठरवावे. पुण्यातले मोटार अपघात दावा न्यायाधिकरण शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे. अपघात जिथे झाला तिथे किंवा अर्जदार जिथे राहतो तिथेही दावा दाखल करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६ च्या अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. ती पाळायचीच, असे धरून चला.

विरुद्ध बाजू अंशदायी निष्काळजीपणाचा, म्हणजे अपघातात काकांचीही काही चूक होती असा, मुद्दा काढेल. पहाटेची वेळ असल्याने सायकलला दिवा आणि मागे परावर्तक होता का, हे विचारले जाणारच. सायकलचे फोटो दुरुस्तीआधी सर्व बाजूंनी काढून ठेवा. दिवा नव्हता असे निघाले तरी दावा फेटाळला जात नाही. त्या प्रमाणात रक्कम कमी होते, एवढेच.

कर्वेनगर_सायकल यांचे उत्तर

वकीलसाहेबांनी भरपाईचे सांगितले आहे, मी ट्रॅकबद्दल लिहितो, कारण रोज सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला हा टोमणा ऐकावा लागतो.

ट्रॅक आहे म्हणून सायकलस्वाराने रस्त्यावर येऊच नये, अशी सरसकट सक्ती मोटार वाहन अधिनियमात कुठेही नाही. उलट बंधन आहे ते मोटारचालकावर : पदपथ किंवा सायकल ट्रॅक असेल तर गणवेशातील पोलिसाच्या परवानगीशिवाय त्यावर वाहन घालायचे नाही. मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ मध्ये पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि दिव्यांग यांची विशेष काळजी घेण्याचे कर्तव्य चालकावर टाकले आहे, आणि विनियम मोडल्यास कलम १७७-अ खाली पाचशे ते हजार रुपये दंड आहे. काही विशिष्ट रस्ते सायकलींना बंद असतात हे खरे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू ही त्याची उदाहरणे. सातारा रस्ता त्यांपैकी नाही.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये तर वाहनाच्या व्याख्येतच सायकल येते. त्यामुळे डावी बाजू धरून चालण्याचे कर्तव्य सायकलस्वारालाही आहे, पण त्याबरोबर रस्त्यावरचा त्याचा अधिकारही मान्य झालेला आहे. कर्तव्ये सांगताना सगळे पुढे असतात, अधिकार मात्र कोणी सांगत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता प्रत्यक्ष ट्रॅक पाहा. स्वारगेट-कात्रज मार्गावर २००६ मध्ये बीआरटीबरोबर (बससाठीच्या राखीव मार्गिकांबरोबर) सायकल ट्रॅक आखले गेले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. तरीही आज या शहरातल्या ट्रॅकवर सलग शंभर मीटर जायचे म्हटले तर मध्ये विजेच्या डीपीचा खोका येतो, उखडलेले पेव्हर ब्लॉक येतात, भाजीची हातगाडी येते, आणि बस थांब्यापाशी ट्रॅक संपून थेट उंच कठड्यावर जाऊन आदळतो. अशा ठिकाणी उतरून सायकल उचलून नेण्यापेक्षा माणूस रस्ता धरतो. सचिवसाहेब, तुम्ही शक्य तितक्या लवकर, पहाटेच्या त्याच वेळेला, अपघाताच्या जागेच्या दोन्ही बाजूंचे ट्रॅकचे फोटो आणि चित्रफीत घ्या. ट्रॅक वापरण्याजोगा नव्हता हे दिसले की चालकाचा तो मुद्दा उरत नाही.

आणखी एक. उभ्या गाड्यांच्या रांगेजवळून जाताना दाराच्या रुंदीएवढे अंतर ठेवून, म्हणजे थोडे रस्त्याच्या मधल्या बाजूने चालवणे सुरक्षित असते, पण तसे केले की मागचे वाहन कर्कश हॉर्न वाजवून अंगावर येते. काकांनी कदाचित त्या हॉर्नच्या भीतीनेच कडेला चिकटून सायकल चालवली असेल. त्यांचा यात दोष काढू नये.

म्युनिकहून_मराठी यांचे उत्तर

मूळ प्रश्न पुण्याचा आहे, पण एका मुद्द्यावर तुलना उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात लिहितो. जर्मनीत २०२० पासून सायकलस्वाराला ओलांडताना शहरात किमान दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर सोडण्याचा नियम आकड्यासह लिहिलेला आहे. भारतीय विनियमांत सुरक्षित अंतर राखावे असे म्हटले आहे, मीटरचा आकडा नाही, त्यामुळे अंतर पुरेसे होते की नाही याचा वाद प्रत्येक वेळी नव्याने घालावा लागतो.

दुसरे असे की, इथे जर्मनीत वाहनाचा मालक वाहनाच्या धोक्यासाठी मुळातच जबाबदार धरला जातो. सायकलस्वाराने आधी चूक सिद्ध करायची, अशी अट नसते. वर उल्लेख झालेले कलम १६४ याच विचाराच्या जवळ जाते, फक्त त्याची रक्कम गोठलेली आहे. भारतात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३८ मध्ये विनामोटार वाहने आणि पादचारी यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना ते नियम सहा महिन्यांत करण्यास सांगितले. महाराष्ट्राच्या नियमांत ओलांडण्याचे अंतर आकड्याने यावे, यासाठी पुण्या-मुंबईच्या सायकल गटांनी आग्रह धरायला हवा.

सोसायटी_सचिव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काकांनी सही केलेली नाही. चौकीत पुन्हा गेलो असता ‘स्टेशन डायरीला नोंद आहे, तेवढी पुरे’ असे उत्तर मिळाले. गाडीचा क्रमांक आमच्याकडे आहे आणि समोरच्या औषधाच्या दुकानाबाहेर कॅमेरा आहे. एफआयआर नसेल तर पुढचे सगळे अडते का? आणि काकांना मजुरी रोखीने मिळते, त्याची पावती नसते. तो पुरावा कसा द्यायचा?

निवृत्त_ठाणेअंमलदार यांचे उत्तर

मी अनेक वर्षे ठाण्यात काम केले आहे, म्हणून स्पष्ट लिहितो : डायरीतली नोंद पुरेशी नाही. निष्काळजीपणाने जबर दुखापत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ (ब) खालचा दखलपात्र गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्येच सांगितले आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात) तीन ते सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय आहे, पण ती चौकशीची सोय आहे, तक्रारदाराला परत पाठवण्याची नव्हे.

चौकीत तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका. लेखी फिर्याद तयार करून मुख्य पोलीस ठाण्यात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. तरीही नोंद झाली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) प्रमाणे तीच फिर्याद पोलीस उपायुक्तांना पाठवा, आणि तिथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. माझा अनुभव असा की, उपायुक्तांच्या कार्यालयाची पोच जोडलेला अर्ज ठाण्यात आला की बहुतेक वेळा काम होते. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ती हातात घेतल्याशिवाय निघू नका.

एफआयआरमुळे आणखी एक गोष्ट सुरू होते, जी लोकांना ठाऊक नसते. २०२२ च्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. तो सविस्तर अहवाल न्यायाधिकरण भरपाईचा अर्ज म्हणून धरू शकते. गरीब माणसासाठी ही फार मोठी सोय आहे, म्हणून फिर्याद देतानाच या अहवालांचा उल्लेख लेखी करा.

दुकानाच्या कॅमेऱ्यातले चित्रण मात्र आजच मिळवा. बहुतेक ठिकाणी जुने चित्रण काही दिवसांत पुसले जाऊन त्यावर नवे येते. दुकानदार देत नसेल तर ते जपून ठेवावे असे पत्र त्याला द्या आणि त्याची प्रत तपास अधिकाऱ्याला द्या. टेम्पोवाल्याचा क्रमांक कोणी टिपला असेल तर तो सर्वांत चांगला साक्षीदार आहे. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कलम १३४-अ आता मोटार वाहन अधिनियमात आहे, हे त्याला सांगा, म्हणजे तो पोलिसांच्या भीतीने मागे हटणार नाही.

दावा_वकील

मजुरीबद्दल : पावती नसणे ही अडचण आहे, अडथळा नाही. सोसायटीने कंत्राटदाराला दिलेली बिले, हजेरी वही आणि तुमचे सचिव म्हणून शपथपत्र, ही तिन्ही कागदपत्रे काकांच्या नोकरीचा आणि गैरहजेरीचा चांगला पुरावा ठरतील. उत्पन्नाचा आकडा सिद्ध झाला नाही, तर न्यायाधिकरणे बहुधा त्या कामाचे शासनमान्य किमान वेतन आधार म्हणून धरतात.

रुग्णालयात दाखल करताना ‘वाहन अपघात’ अशी नोंद झाली आहे का, तेही तपासा. ‘घरी पडले’ असे लिहिले गेले असेल तर डॉक्टरांना लेखी अर्ज देऊन खरी हकीकत नोंदवायला सांगा, कारण विमा कंपनीचे वकील सर्वप्रथम तेच पान उघडतात. औषधाच्या प्रत्येक बिलावर काकांचे नाव असू द्या. मोडलेली सायकल भंगारात देऊ नका, सोसायटीच्या वाहनतळात कुलूप लावून ठेवा. पंचनाम्याला ती लागेल. वकील करणे परवडणार नसेल तर त्याच न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे उत्पन्नाच्या दाखल्यासह अर्ज केल्यास विनामूल्य वकील मिळू शकतो. फिर्यादीचा मसुदा इथे नावे गाळून टाकलात तर मी आज रात्री पाहून देतो.