मदत हवी आहे : नॅफ्थॅलीनची रिकव्हरी येतच नाही

भाट्ये_पूल : रत्नागिरीच्या भाट्ये खाडीच्या पाण्यात पीएएच (तेल-धुरातून येणारी बहुवलयी हायड्रोकार्बन) बघतोय. मुद्दाम घातलेल्यातलं जड पायरीन, क्रायसीन ८० टक्क्यांच्या वर परत येतं, हलकं नॅफ्थॅलीन २० सुद्धा नाही. सर म्हणतात पुन्हा कर. पुन्हा केलं, तेच. रिपोर्ट द्यायचाय, लवकर सांगा.

जुना_केमिस्ट : बाटली कसली? स्पाइक (मोजून घातलेलं पीएएच) कधी घातला? एक्स्ट्रॅक्ट (द्रावकात काढलेला अर्क) कसं आटवता? काहीच लिहायचं नाही आणि वर घाई!

हापूसप्रेमी : नमुना घेतल्या घेतल्या नायट्रिक घाला, पीएच २ च्या खाली. आम्ही कायम तेच करतो.

जुना_केमिस्ट : ते शिसं-कॅडमियमसाठी, बाटलीच्या भिंतीला चिकटू नये म्हणून. इथे काय संबंध?

हापूसप्रेमी : ॲसिडने जंतूही मरतात म्हटलं. असो, तुम्हीच शहाणे.

लॅबवाली : प्लास्टिकची बाटली असणार, पैज लावते. अंबर काच घ्या. रिकामी झाली की डीसीएमने (डायक्लोरोमिथेन, अर्क काढायचं द्रावक) विसळून तेही एक्स्ट्रॅक्शनमध्येच ओता.

जुना_केमिस्ट : सल्ला चांगला, पण प्लास्टिकने खाल्लं असतं तर जड पीएएच आधी गेले असते. इथे उलटं आहे.

भाट्ये_पूल : काचेचीच आहे हो. स्पाइक एक्स्ट्रॅक्शनच्या आधी. डीसीएम, पाणी शोषायला सोडियम सल्फेट, मग रोटावर (व्हॅक्यूममध्ये द्रावक उडवायचं यंत्र) पूर्ण कोरडं करून हेक्झेनमध्ये घेतो. सगळे असंच करतात ना?

जुना_केमिस्ट : कोरडं?? अहो, नॅफ्थॅलीन म्हणजे डांबराची गोळी. ती कपाटात पडल्या पडल्या विरते, तुम्ही तर गरम करून वर व्हॅक्यूम लावताय. आधीच थोडं आयसोऑक्टेन (सावकाश उडणारं द्रावक) घाला, दोन-तीन मिलीवर थांबा, पुढचं नायट्रोजनच्या मंद झोताखाली. खात्री हवी तर स्पाइक थेट डीसीएममध्ये घालून नुसतं आटवून बघा. तिथेच गेलं तर खाडीच्या पाण्याला बोल लावू नका.

रापणकर : नमुने बर्फात आणता ना? मिरकरवाड्याच्या जेटीवरचा मासळीचा बर्फ नको. ट्रॉलरवर डिझेलचे हात सगळीकडे लागतात, ब्लँकमध्येच (नमुन्याविना केलेल्या चाचणीत) पीएएच दिसतील.

कोकणी_माणूस : म्हणजे खाडीतली कालवं खायची की नाही?

लॅबवाली : वेगळा धागा काढा!

भाट्ये_पूल : आयसोऑक्टेन नाही, नायट्रोजनचा सिलिंडरही संपलाय. हेक्झेन चालेल?

जुना_केमिस्ट : चालेल. डीसीएम असतानाच १० मिली घाला, बाथ ४० च्या वर नको, तीन-चार मिली उरलं की काढा आणि ५ मिलीला भरा. डिटेक्शन (अगदी कमी मात्रा पकडणं) थोडं मार खाईल. आणि डी-८ नॅफ्थॅलीन (जड हायड्रोजनवालं, वेगळं ओळखता येणारं) प्रत्येक नमुन्यात घाला, म्हणजे कुठल्या नमुन्यात गळती झाली ते कळेल.

भाट्ये_पूल : डी-८ मागवायला सरांची सही लागेल. आटवून बघतो आधी.