करारात ६० लाख, रेडी रेकनरने ७० लाख: कर नेमका कशावर?

नवखरेदीदार
पुणे महापालिका हद्दीत रिसेल फ्लॅट घेतोय, पती-पत्नी दोघांच्या नावावर. विकणारेही दोघे, सख्खे भाऊ. सौदा ६० लाखांना ठरलाय, पण रेडी रेकनरने (सरकारी दरपत्रकाने) मूल्य ७० लाख निघतंय. मुद्रांक शुल्क, टीडीएस, जीएसटी धरून किती पैसे बाजूला ठेवू?

दस्तनोंदणी
रिसेलला जीएसटी नाही. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनर यांत जे जास्त त्यावर, म्हणजे ७० लाखांवर. मूळ ५ टक्के, १ टक्का स्थानिक संस्था कर, १ टक्का मेट्रो अधिभार: एकूण ४ लाख ९० हजार. नोंदणी फी कमाल ३० हजार.

दस्त फक्त पत्नीच्या नावे केला तर १ टक्का सवलत, म्हणजे ७० हजार वाचतील. खरेदीदारांत एकही पुरुष असला की ती मिळत नाही. पण पती मालक नसेल तर हप्ते त्याने भरूनही व्याजाची वजावट त्याला घेता येत नाही, तेव्हा दोन्ही आकडे मांडून बघा.

करहिशेब
मुद्रांक शुल्काशिवाय आयकरही धरा. मुद्रांक मूल्य (इथे रेडी रेकनरचे ७० लाख) करारातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून (आणि ५० हजारांहून) जास्त असेल, तर तो फरक खरेदीदाराचं उत्पन्न धरतात. तुमची मर्यादा ६ लाख, फरक १० लाख. इथे बरेच जण चुकतात: वरच्या ४ लाखांवर नव्हे, पूर्ण १० लाखांवर तुमच्या स्लॅबने कर बसतो.

टीडीएस, म्हणजे विकणाऱ्यांच्या पैशातून कापून तुम्ही सरकारकडे भरायचा कर, १ टक्का, तोही ७० लाखांवर: ७० हजार. विकणाऱ्यांच्या हाती ५९ लाख ३० हजार जायला हवेत. बँक कर्जाची रक्कम थेट त्यांना देते आणि कपात राहून जाते. जबाबदारी मात्र तुमचीच, म्हणून बँकेला आधी लेखी कळवा. दोन खरेदीदार, दोन विक्रेते म्हणजे चार वेगळे फॉर्म. ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून ३० दिवसांत भरायचा. टॅन (कर कापणाऱ्याचा वेगळा क्रमांक) लागत नाही, पॅन पुरतो. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे रोज २०० रुपये शुल्क, शिवाय व्याज. विकणारा अनिवासी असेल तर हे नियम लागू नाहीत, दर आणि पद्धत दोन्ही बदलतात.

नवखरेदीदार
१० लाखांचं उत्पन्न धरतात हे माहीतच नव्हतं! टाळता येईल का?

दस्तनोंदणी
आधी ते ७० लाख तपासा. इमारत जुनी असेल तर वयानुसार घसारा वजा होतो, आणि मूल्यांकन करताना नेमका तोच टाकायचा राहतो. विभाग आणि क्षेत्रफळही पुन्हा जुळवा. मूल्य ६६ लाखांपर्यंत आलं तर तो कर लागणारच नाही. तरीही जास्तच वाटलं, तर सह्या करण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी (शुल्क किती लागेल ते अधिकृतपणे ठरवून घेण्यासाठी) मसुदा द्या.