दोन महायुद्धांमधली स्त्रियांची शांतता चळवळ: लघुप्रबंधासाठी विषय कसा आवळावा?

दुधनाकाठ
एम.ए. इतिहासाच्या लघुप्रबंधासाठी 'दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील स्त्रियांची आंतरराष्ट्रीय शांतता चळवळ' हा विषय घेतला आहे. मार्गदर्शक म्हणतात, ऐंशी पानांत हे मावणार नाही, आवळा. कोणता धागा धरावा? परभणीत बसून मूळ कागदपत्रं मिळतील का? आणि मराठवाड्याचा एखादा संबंध जोडता येईल का, की ते ओढूनताणून होईल?

बालाघाट
मार्गदर्शकांचं ऐका. १९१९ ते १९३९ सगळं घेतलंत तर नुसती नावांची जंत्री होईल. एक परिषद धरा: झुरिक, १२ ते १७ मे १९१९. शत्रुराष्ट्रांतल्या स्त्रिया समोरासमोर कशा बसल्या, हे तिथे अगदी जवळून दिसतं.

पार्श्वभूमी चार पानांत उरका. एप्रिल १९१५ मध्ये, युद्ध चालू असताना, नेदरलँड्समधल्या हेगला या स्त्रियांची पहिली परिषद भरली. ब्रिटनमधून १८० जणी निघायच्या होत्या, पण सरकारने पासपोर्ट अडवले, उत्तर समुद्रातली वाहतूक बंद झाली आणि पोचल्या फक्त तिघी. त्याही आधीच ब्रिटनबाहेर होत्या म्हणून. फ्रान्समधून कुणीच आलं नाही. तिथे ठरलं की तहाची बोलणी जिथे होतील तिथेच पुन्हा जमायचं. बोलणी झाली पॅरिसमध्ये, आणि जर्मन-ऑस्ट्रियन स्त्रियांना तिथे प्रवेश मिळणं शक्य नव्हतं. म्हणून तटस्थ स्वित्झर्लंड.

तारखांवर नीट लक्ष द्या, परीक्षक नेमकं तिथेच पकडतात. व्हर्साय तहाच्या अटी जर्मनीच्या हातात पडल्या ७ मे १९१९ ला, सह्या झाल्या २८ जूनला. म्हणजे झुरिकच्या स्त्रियांनी टीका केली ती अटींच्या मसुद्यावर, सह्या झालेल्या तहावर नव्हे. मुद्दे स्पष्ट होते: गुप्त राजनीतीला मूक संमती, विजेत्यांचा लुटीवरचा हक्क मान्य, स्वयंनिर्णय नाकारलेला, निःशस्त्रीकरण एकाच बाजूचं. यातून युरोपभर वैर पेरलं जाईल, असं त्यांनी तेव्हाच नोंदवलं. तह अजून व्हायचा असताना एवढं स्वच्छ बोलणं सोपं नव्हतं, हे प्रबंधात ठळक यायला हवं.

दुसरी नेहमीची चूक नावाची. 'वुमेन्स इंटरनॅशनल लीग फॉर पीस अँड फ्रीडम' हे नाव झुरिकला मिळालं. १९१५ च्या घटनांना ते लावू नका.

मांजराथडी
बालाघाट यांच्याशी सहमत, फक्त एक भर. समेट म्हणजे ठराव एवढंच दाखवू नका, भाकरीचा प्रश्न घ्या. युद्धबंदी नोव्हेंबर १९१८ ला झाली तरी दोस्तांची जर्मनीभोवतीची नाकेबंदी जुलै १९१९ पर्यंत चालू होती. झुरिकला आलेल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन प्रतिनिधींच्या चेहऱ्यांवर उपासमार दिसत होती. परिषदेने नाकेबंदी उठवण्यासाठी अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांना तार केली. उत्तर सहानुभूतीचं आलं, पण लगेच काही होईल अशी आशा त्यात नव्हती. जुलैत लीगच्या अध्यक्ष, अमेरिकेच्या जेन अॅडम्स आणि डॉ. अॅलिस हॅमिल्टन क्वेकर (युद्धविरोधी ख्रिस्ती पंथ) मंडळींसोबत जर्मनीत गेल्या आणि मुलांची अवस्था बघून आल्या.

त्याच वसंतात लंडनमध्ये एग्लँटाइन जेब यांना ऑस्ट्रियातल्या उपाशी मुलांची पत्रकं वाटल्याबद्दल ५ पौंड दंड झाला. सेन्सॉरची परवानगी नव्हती, हा गुन्हा. त्यांचं 'सेव्ह द चिल्ड्रन' ही वेगळी संस्था आहे. लीगच्या खात्यात टाकू नका.

आणि परिषदेच्या शेवटाकडचा तो प्रसंग घ्याच. फ्रान्सच्या ज्यान मेलँ उशिरा पोचल्या. त्या आर्देनच्या, म्हणजे जर्मन फौजांच्या ताब्यात राहिलेल्या भागातल्या. जर्मनीच्या लिडा गुस्तावा हेमन यांनी त्यांना गुलाबाची फुलं देऊन हात पुढे केला. मग अमेरिकेच्या एमिली बाल्च यांनी उठून शांततेसाठी झटण्याची शपथ घेतली आणि सभागृह उभं राहिलं. भावनिक म्हणून हे गाळतात. गाळू नये, कारण याच बाल्च पुढे लीगच्या जिनिव्हा कचेरीच्या पहिल्या सचिव झाल्या.

दुधनाकाठ
मोठी मदत झाली. १९३२ ची निःशस्त्रीकरण याचिका शेवटच्या प्रकरणात घेऊ का?

बालाघाट
घ्या, पण दहा पानांच्या वर नाही. जिनिव्हाची निःशस्त्रीकरण परिषद २ फेब्रुवारीला सुरू झाली, तीही तासभर उशिरा, कारण शांघायवरच्या जपानी हल्ल्यावर राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) कौन्सिलची तातडीची बैठक बसली होती. ६ तारखेला स्त्रियांनी सह्यांचे गठ्ठे सभागृहात आणले. सह्या ८० लाखांहून जास्त, पण अनेक संघटनांच्या मिळून. एकट्या लीगच्या नावावर तो आकडा लिहिलात तर चूक ठरेल. ऑक्टोबर १९३३ मध्ये जर्मनी परिषदेतून बाहेर पडला. 'म्हणून याचिका फसली' हे एका ओळीत लिहून मोकळे होऊ नका. सह्या गोळा करणाऱ्यांच्या हातात सरकारं नव्हती.

गोदावरी_दप्तर
कागदपत्रांचं सांगतो. राष्ट्रसंघाचं दप्तर जिनिव्हाने स्कॅन करून मोफत खुलं केलं आहे. इंग्रजीबरोबर फ्रेंच शब्दांनीही शोधा, नाहीतर निम्म्या फायली दिसणारच नाहीत. झुरिक परिषदेचा छापील अहवालही इंटरनेटवर आहे. प्रत्येक कागदाचा पेटी आणि फाइल क्रमांक त्याच दिवशी लिहून ठेवा. नुसती लिंक ठेवलीत आणि ती बदलली, तर तळटीप लंगडी पडते.

मराठवाड्याबद्दल: तेव्हा आपण हैदराबाद संस्थानात. राज्यकारभार उर्दूत, दप्तर आज हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात. उर्दू येत नसेल तर सोबत वाचणारा माणूस घेऊन जा. त्यापेक्षा सोपी वाट वर्तमानपत्रांची. हैदराबादहून निघणारा 'निजाम विजय' आणि पुण्याचा 'केसरी', दोन्हींचे फेब्रुवारी-मार्च १९३२ चे अंक मिळाले तर चाळा. बातमी नसली तर लगेच 'इथे उदासीनता होती' असा निष्कर्ष काढू नका. ४ जानेवारीला गांधीजींना अटक झाली होती, रकाने त्या धरपकडीच्या बातम्यांनी भरलेले असणार. अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये पुण्याला झालं खरं, पण विषय शिक्षण होता. त्याला शांतता चळवळीची शाखा म्हणू नका. मराठवाड्याचं हे सगळं परिशिष्टात ठेवा, चार-पाच पानं पुरेत.