आईबाबांना गॅलापागोस बेटांची क्रूझ झेपेल का?

बाबा 74, आई 70, तिच्या गुडघ्यांची बोंब. पण महाकाय कासवं आणि निळ्या पायांचे बूबी पक्षी बघायचेतच म्हणतात. कधी न्यावं?

— जानेवारी ते मे न्या, समुद्र शांत असतो. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो आणि सासूबाई बोट लागून दोन दिवस आल्याचा तुकडा चघळत केबिनमध्ये पडून. कॅटमरान (दोन सांगाड्यांची बोट) घ्या, कमी डोलते.

— अहो बोटीपेक्षा उतरणं अवघड! वेट लँडिंगला गुडघाभर पाण्यात उडी, ड्रायला निसरड्या खडकावर पाय. काकूंना काठी हवीच. आणि इक्वेडोरची राजधानी क्विटो 2850 मीटरवर, दम लागतो, त्यापेक्षा सखल भागातल्या ग्वायाकिल शहरातून बेटांकडे उडा.

— एस्पान्योला बेटावर अल्बट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी बघायचा तर एप्रिलअखेर किंवा मे. बाकावर सी लायन घोरत असेल तर काकूंना उभंच राहावं लागेल, दोन मीटर अंतराचा नियम आहे 😄