मदत हवी आहे: इक्वेटोरियल माउंटवरची आरए-डेकची चक्रं नक्की वापरायची कशी?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १३० मिमी व्यासाची, ९०० मिमी फोकल लेंग्थची न्यूटोनियन दुर्बीण आहे. माउंट साधा जर्मन इक्वेटोरियल (ज्याचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखायचा असतो), मोटर नाही. ओळखीतल्या एका काकांकडून जुनी घेतली, त्यामुळे माहितीपुस्तिका वगैरे काही मिळालं नाही. चंद्र, गुरू, शनी, मृगातला तेजोमेघ हे फाइंडरमधून (नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीतून) सहज लागतं. अडतं ते मंद गोष्टींपाशी. कन्या राशीतली एम १०४ (सोंब्रेरो दीर्घिका) काही केल्या सापडत नाही. फाइंडरमध्ये ती दिसत नाही आणि ताऱ्यावरून ताऱ्यावर उड्या मारत जायला आजूबाजूला ठळक तारेही फारसे नाहीत.

म्हटलं, माउंटवर दोन अंकित चक्रं आहेत ती काय शोभेला आहेत? नकाशातून विषुवांश (आरए, ताऱ्याचं पूर्व-पश्चिम स्थान, तास-मिनिटांत) आणि क्रांती (डेक, खगोलीय विषुववृत्तापासून उत्तर-दक्षिण अंतर, अंशांत) काढायची, चक्रं त्या आकड्यांवर आणायची, की झालं. तसं होत नाही. माझे गोंधळ असे:

१) आरएच्या चक्रावर आकड्यांच्या दोन ओळी आहेत, एक चढती, एक उतरती. आपली कुठली? शिवाय हे चक्र बोटानं ढकललं तरी फिरतं. सैल झालंय की असंच असतं?

२) डेकच्या चक्रावर ० ते ९०, पुन्हा ०, पुन्हा ९० असे आकडे आहेत. अधिक-उणे कुठेच नाही. चित्रा ताऱ्याची क्रांती उणे ११ अंश, मग कुठल्या बाजूचे ११ धरायचे?

३) सगळ्यात चक्रावणारी गोष्ट. स्वातीवर दुर्बीण लावून आरए चक्र १४ तास १६ मिनिटांवर आणलं. मग नळी पलीकडे उलटवून मघा पकडली. चक्रावर १० तास ८ मिनिटं यायला हवीत, तर २२ च्या पुढे काटा! डेक मात्र बरोबर १२ च्या आसपास.

पुरंदरच्या बाजूला एका मित्राच्या शेतावरून बघतो, अक्षांश साधारण १८.३. ध्रुव तिथून जेमतेम दिसतो, कारण त्या अंगाला पुण्याचा उजेड आहे. मोबाइल अॅप लावा, गो-टू (आपोआप लक्ष्याकडे वळणारा माउंट) घ्या हे सल्ले मिळालेत. चक्रं असताना ती वापरता यावीत एवढाच हट्ट आहे.

प्रतिसाद १

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे काहीही बिघडलेलं नाही. स्वाती पूर्वेला होता, मघा याम्योत्तर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडून पश्चिमेला गेलेली. नळी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला उलटवली की आरएचा अक्ष अर्धा फेरा जास्त फिरतो. अर्धा फेरा म्हणजे १२ तास. १० अधिक १२, बावीस. म्हणून नियम एकच: ज्या ताऱ्यावर चक्र जुळवलं आणि जे शोधायचंय, ती दोन्ही आकाशाच्या एकाच अर्ध्यात हवीत. नळी उलटवावी लागली तर नवा तारा पकडून पुन्हा जुळवा.

आरएचं चक्र फिरतं ते फिरण्यासाठीच आहे. आकाश तासाला १५ अंश सरकतं आणि तुमच्याकडे मोटर नाही, त्यामुळे एकदा जुळवलेलं चक्र चार मिनिटांत एका अंशानं खोटं ठरतं. दर वेळी तारा मध्यभागी आणा, चक्र त्याच्या विषुवांशावर फिरवा आणि लगेच निघा. मध्ये चहा नाही! दोन ओळींपैकी आपली कुठली हे असं ओळखा: नळी पूर्वेकडच्या ताऱ्याकडे नेताना जी ओळ वाढते ती उत्तर गोलार्धाची.

डेकसाठी नळी ध्रुवाकडे, माउंटच्या अक्षाला समांतर करा. तिथे ९० दिसलं पाहिजे. तिथून खाली येत ० पर्यंत सगळं अधिक, ० ओलांडून पुढे गेलात की उणे.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण अपेक्षा थोडी उतरवून घ्या. या छोट्या चक्रांवर आरएची बारीक रेघ बहुधा १० मिनिटांची असते, म्हणजे अडीच अंश. तुमच्या दुर्बिणीला २५ मिमीची नेत्रिका लावली तर वर्धन ३६ पट, दृष्टिक्षेत्र जेमतेम दीड अंश. दोन रेघांमधल्या जागेत तुमचं अख्खं दृष्टिक्षेत्र हरवेल. म्हणून लांबच्या ताऱ्यावरून झेप घेऊ नका. शेजारचा ठळक तारा घ्या आणि दोघांतला फरक तेवढा चक्रावर मोजा.

एम १०४ साठी तर नशीबच तुमच्या बाजूला आहे. चित्राचे आकडे १३ तास २५ मिनिटं, उणे ११ अंश १० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). एम १०४ चे १२ तास ४० मिनिटं, उणे ११ अंश ३७ कला. क्रांती जवळपास तीच! चित्रा मध्यभागी आणा, डेक घट्ट करा, आरएवर ४५ मिनिटं पश्चिमेला जा. मग डेकच्या स्लो-मोशन (नळी बारीक सरकवणाऱ्या) दांड्यानं अर्धा अंश दक्षिणेला आणि आरएच्या दांड्यानं हळूहळू दोन्ही बाजूंना चाळा. १३० मिमीतून टोकदार, फिकट पट्टा दिसेल, फोटोतल्यासारखी सोंब्रेरो टोपी शोधू नका. सगळ्यात मोठी नेत्रिका लावा आणि डोळ्यांना अंधाराची सवय झाल्याशिवाय सुरुवात करू नका.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. १२ तासांचं कोडं सुटलं. आता प्रश्न ध्रुवाचा. दिसलाच नाही तर अक्ष कसा लावू? दुपारी ओळंब्याच्या सावलीवरून उत्तर काढायचा बेत होता.

प्रतिसाद १

वैशाखात तो बेत सोडा. आपल्याकडे मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो, मध्यान्हीला सावलीच उरत नाही. होकायंत्र चालेल, महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून एका अंशाच्याही आत आहे. फक्त ते माउंट आणि नळीचा तोल सांभाळणाऱ्या वजनांपासून लांब धरा, लोखंड सुई ओढतं. अक्षाची उंची १८.३ अंशांवर, तिपाई पाणसळीनं समतल. इतक्या कमी अक्षांशावर वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला घासतो का, तेही बघून ठेवा.

नीट लागलंय का याची परीक्षा आपल्या आकाशातच आहे. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी तारकागुच्छ १३ तास २७ मिनिटांवर, म्हणजे जवळजवळ चित्राच्याच विषुवांशावर, क्रांती उणे साडेसत्तेचाळीस. चैत्र अमावास्येच्या सुमारास रात्री अकरा-साडेअकराला चित्रा याम्योत्तरावर येते. तेव्हा तिला मध्यभागी धरा, आरए घट्ट करा आणि फक्त डेकवर ३६ अंश दक्षिणेला उतरा. गुच्छ क्षितिजापासून २४ अंशांवर, फाइंडरमध्येही धूसर ठिपक्यासारखा दिसतो. तो डाव्या-उजव्या बाजूला पडला तर बहुतेक तुमची उत्तर दिशा चुकलीय. माउंट तेवढाच आडवा सरकवा, चित्रावर परत या, पुन्हा उतरा.

धागाकर्ता

हे भारी आहे, येत्या अमावास्येला करतो. शेवटचं एक: पुढे आरएला मोटर बसवली तर चक्र सारखं जुळवायची कटकट जाईल का?

प्रतिसाद २

माउंटवर अवलंबून आहे. काही माउंटवर मोटर चालू असताना तारा जागेवर राहतो पण चक्रावरचा आकडा सरकत राहतो, तिथे कटकट जात नाही. तारा मध्यभागी ठेवून दहा मिनिटं मोटर चालू द्या. आकडा हलला नाही तर एकदा जुळवून त्या अर्ध्या आकाशात रात्रभर वापरा, हलला तर आहे तेच चालू ठेवा.