निम्मं भरून सुटका होत नाही
दोघांचं संयुक्त खातं उणे झालं तर पैसे कुणी भरायचे, या प्रश्नावर "निम्मं निम्मं भरा आणि मोकळे व्हा" असा सल्ला कुणीतरी दिलाय. आपसात ते ठीक आहे. पण संयुक्त खात्यावरचा ओव्हरड्राफ्ट (शिल्लकीपेक्षा जास्त काढलेली रक्कम) बँक सहसा दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण वसूल करू शकते. पैसे कुणी उडवले याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

मी माझा निम्मा हिस्सा भरला, पण खातं 'दोघांपैकी कुणीही' असंच राहिलं. माझ्या सहखातेदाराच्या जिमची फी दर पाच तारखेला आपोआप कापली जायची (जिमला जात होता की नाही, देव जाणे) आणि उणे शिल्लक पुन्हा फुगायची. त्यामुळे आधी बँकेला लेखी कळवून दोघांच्या सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत असं करून घ्या, ऑटो डेबिट थांबवा, अर्जाची पोच घ्या. वाटणीचं भांडण नंतर.